आईचा गट ‘ओ’, तरी ‘ओ’ रक्त तिला का चालत नाही?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी २६ वर्षांचा, तालुक्याच्या गावी राहतो. आई ४७ वर्षांची. गर्भाशयात गाठी आहेत, पाळीत फार रक्त जातं, हिमोग्लोबिन ८.२ आहे. गर्भाशय काढायचं ठरलं आणि रक्ताच्या दोन बाटल्या तयार ठेवायला सांगितल्या. आईच्या जुन्या कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलंय. रक्तपेढीत ‘ओ’च्या सहा पिशव्या लावून बघितल्या, एकही जुळली नाही. ‘बॉम्बे ग्रुप’ असावा, नमुना मुंबईला पाठवा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. काका म्हणतात, दुसऱ्या रक्तपेढीतून ‘ओ निगेटिव्ह’ आणू, ते सगळ्यांना चालतं. आईला आजवर कधीच रक्त चढवलेलं नाही, दोन्ही बाळंतपणं सुखरूप झाली, मग तिच्या रक्तात अँटीबॉडी आल्या कुठून? मी मुलगा असून माझंही रक्त चालत नाही म्हणतात. त्यात बाबांचा गट बी, माझा ए, बहिणीचा एबी. ‘आई ओ आणि बाप बी, तर पोरं ए आणि एबी कशी?’ असं एका नातेवाइकाने चार माणसांत विचारलं. तेव्हापासून आई कुणाशी धड बोलत नाही. बहिणीसाठी स्थळं बघतोय, त्यांना हे सांगायचं का? आणि ऑपरेशन थांबवायचं की उरकून घ्यायचं?

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण घाई एकाच गोष्टीची आहे, म्हणून ती आधी. काकांना आजच सांगा, ओ निगेटिव्ह आणायला कुणी कुठेही जायचं नाही. काका वाईट विचार करत नाहीत. ‘ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं’ हे आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलोय. पण आईचा गट खरंच बॉम्बे असेल, तर तिच्यासाठी ओ निगेटिव्ह हे ए किंवा बी रक्ताइतकंच घातक आहे. निगेटिव्ह-पॉझिटिव्हचा इथे संबंधच नाही. आणि ज्या रक्तपेढीने सहा पिशव्या नाकारल्या, तिच्यावर राग धरू नका. त्यांनी तुमच्या आईचा जीव वाचवलाय.

हे नीट समजायला लाल पेशीच्या पृष्ठभागाकडे बघावं लागेल. तिथे साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. त्यातल्या एका ठरावीक टोकाला ‘एच’ म्हणतात. एच हा पाया समजा. त्यावर एक विशिष्ट साखर चढली की गट ए, दुसरी चढली की बी, दोन्ही असल्या की एबी. काहीच चढलं नाही तर पाया उघडा राहतो, त्याला आपण ओ म्हणतो. म्हणजे ओ रक्ताच्या पेशी कोऱ्या नसतात. उलट एच सगळ्यात जास्त असतो तो ओ पेशींवरच. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच घातला जात नाही, कारण तो घालणारं एन्झाइम ज्या जनुकाच्या सांगण्यावरून तयार होतं, त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. काचेच्या पट्टीवर अँटी-ए आणि अँटी-बी, म्हणजे ए आणि बी पेशींना पकडणाऱ्या अँटीबॉडी, यांचे थेंब टाकून गट बघितला, तर कशालाच गुठळी होत नाही आणि तंत्रज्ञ ‘ओ’ लिहितो. तुमच्या आईच्या कार्डावर बहुधा असाच ‘ओ’ आलाय. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट पहिल्यांदा जगापुढे मांडला, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो असं धरतात. युरोपात तो दहा लाखांत एखादा.

आता त्या चारचौघांतल्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर याच पायात आहे. ए साखर चढवणारं जनुक तुमच्या आईकडे असू शकतं, फक्त ती चढवायला तिच्या पेशींवर जागा नाही. म्हणून तिच्या तपासणीत ए दिसतच नाही. तेच जनुक तिने तुम्हा दोघांना दिलं. तुम्हाला बाबांकडून पाया घालणारं चांगलं जनुक मिळालं, त्यामुळे तुमच्यात तो ए उघडपणे दिसला. बहिणीला आईकडून ए आणि बाबांकडून बी मिळाला, ती एबी. तुम्हाला बाबांकडून ओ मिळाला, म्हणून तुम्ही ए. खरी ओ आई आणि बी वडील यांना ए मूल होत नाही, हे त्या नातेवाइकाचं गणित पुस्तकी अर्थाने बरोबर होतं. त्यांनी धरलेली पहिली ओळच चुकली होती, ती म्हणजे आई ओ आहे. जो प्रश्न तिला दुखवायला वापरला गेला, तोच ती बॉम्बे गटाची असल्याचा घरातला सगळ्यात बळकट पुरावा आहे. तुमचे, बहिणीचे आणि बाबांचे गट चांगल्या रक्तपेढीत एकदा पुन्हा तपासून घ्या आणि त्या तिन्ही चिठ्ठ्या आईच्या नमुन्यासोबत मुंबईला पाठवा. मुंबईचा रिपोर्ट आला की बाबांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवावा, असं मला वाटतं. हे काम तुमचं नाही आणि आईचं तर मुळीच नाही.

‘कधीच रक्त चढवलं नाही, मग अँटीबॉडी आल्या कुठून?’ हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडलंय: परकं रक्त अंगात गेल्याशिवाय त्याविरुद्ध अँटीबॉडी बनत नाही. आरएच, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा घटक, याच्या बाबतीत हे खरं आहे. आरएच निगेटिव्ह बाईच्या रक्तात अँटी-डी तयार होते ती गरोदरपणात, बाळंतपणात किंवा चुकीचं रक्त चढल्यावर. ए, बी आणि एच यांचं तसं नाही. हे आकार फक्त माणसाच्या रक्तातच सापडतात असं नाही, आपल्या आतड्यातल्या अनेक जिवाणूंच्या कवचावरही तशाच साखरा असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःच्या या अँटीबॉडी जवळजवळ नसतात. आतड्यात जिवाणू वस्ती करतात, शरीर त्या साखरा बघतं, स्वतःच्या पेशींवर ज्या आहेत त्या सोडून देतं आणि ज्या नाहीत त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. तीन ते सहा महिन्यांच्या बाळात त्या दिसू लागतात आणि पाच-दहा वर्षांच्या मुलांत भरपूर असतात. १९५९ साली अमेरिकेत कोंबडीची पिल्लं जंतुविरहित वातावरणात वाढवून बघितली, तर त्यांच्यात बी-विरोधी अँटीबॉडी तयार झाली नाही. साध्या पिल्लांत झाली. म्हणून यांना नैसर्गिक अँटीबॉडी म्हणतात. ए माणसाकडे अँटी-बी असते, बी माणसाकडे अँटी-ए, ओ माणसाकडे दोन्ही, एबीकडे कुठलीच नाही. तुमच्या आईकडे तिन्ही असणार: अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एच. त्या तिच्यात लहानपणापासून आहेत.

मग बाळंतपणं सुखरूप कशी झाली? पोटातल्या तुमच्या पेशींवर तर एच होता. याचं कारण असं की या अँटीबॉडी बहुतांशी आयजीएम प्रकारच्या असतात. आयजीएमचा रेणू मोठा, वार ओलांडून बाळापर्यंत पोचत नाही. बाळापर्यंत जातो तो आयजीजी. क्वचित काही आयांत अँटी-एच आयजीजी रूपातही असते आणि बाळाला कावीळ होऊ शकते, म्हणून बॉम्बे गटाच्या गरोदर बाईने हे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. तुमच्या आईच्या बाबतीत तसं काही झालं नाही, एवढंच.

पण वारेपुढे अडकणारा हाच आयजीएम शिरेत आलेल्या परक्या पेशींसाठी भयंकर असतो. त्यात पाच एकसारखे भाग चाकाच्या आऱ्यांसारखे जोडलेले असतात, पकडायला एकूण दहा जागा. एक रेणू एका पेशीवर दोन-तीन ठिकाणी घट्ट बसला, तर तेवढ्याने रक्तातली पूरक प्रथिनं, ज्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात, ती एकामागून एक जागी होतात. शेवटी त्यांची एक नळी तयार होते, पेशीच्या आवरणाला भोक पडतं, पाणी आत शिरतं आणि पेशी शिरेतच फुटते. आतलं हिमोग्लोबिन मोकळं होतं, मूत्रपिंडाला त्रास देतं, लघवी लाल किंवा कोलासारखी होते. याच साखळीत सुटणाऱ्या तुकड्यांमुळे रक्तदाब कोसळतो, अंगभर बारीक गुठळ्या होतात आणि मग गोठायला काही उरत नाही, म्हणून जखमेतून रक्त थांबत नाही. दहा-वीस मिलिलिटर रक्तसुद्धा याला पुरतं. बॉम्बे गटाची अँटी-एच शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांवर, पूर्ण ताकदीने काम करते, म्हणूनच ती इतकी धोक्याची. काही ए किंवा एबी माणसांतही एचसारख्या रचनेविरुद्ध थंड वातावरणात चालणारी अँटीबॉडी सापडते, ती सहसा निरुपद्रवी असते. दोन्हींत गल्लत करू नये.

आता तपासणीबद्दल थोडं तपशिलात, कारण अशी चूक तुमच्या एकट्याच्या घरी होत नाही. पूर्ण रक्तगट दोन बाजूंनी बघायचा असतो. एका बाजूने रुग्णाच्या पेशी, तयार अँटी-ए आणि अँटी-बीसोबत. दुसऱ्या बाजूने रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं अँटीबॉडीवालं पाणी, माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींसोबत. ट्यूबमध्ये सीरमचे दोन थेंब, पेशींच्या दोन ते पाच टक्क्यांच्या द्रावणाचा एक थेंब, मग सेंट्रिफ्यूज आणि ट्यूब हलकेच वाकवून तळाकडे बघायचं. साध्या ओ माणसाचं सीरम ए आणि बी पेशींना पकडतं, ओ पेशी मात्र धुरासारख्या सुट्या उठतात. बॉम्बे माणसाच्या सीरममध्ये ओ पेशींचीही एकसंध गुठळी राहते. कधी गुठळीऐवजी वरचं पाणीच लालसर होतं. त्याला काही नाही समजून सोडून देऊ नये, पेशी फुटल्यात असा त्याचा अर्थ आहे. हे फक्त साध्या ट्यूबमधल्या सीरममध्ये दिसतं. ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, घातलेल्या ट्यूबमध्ये कॅल्शियम बांधलं जातं आणि पूरक प्रथिनं कामच करत नाहीत. पुष्कळ ठिकाणी सीरमच्या बाजूने तपासताना फक्त ए आणि बी पेशी ठेवतात, ओ पेशी ठेवतच नाहीत. काही ठिकाणी तर ही दुसरी बाजू बघतही नाहीत. मग बॉम्बे गट क्रॉसमॅचपर्यंत, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरमसोबत लावून बघेपर्यंत, लपून राहतो. एखाद्या तंत्रज्ञाने हे वाचलं, तर ओ पेशींची ती एक जादा ट्यूब कृपया लावत जा.

रक्तपेढीला दोन गोष्टी विचारा. आईच्या सीरमसोबत आईच्याच पेशी लावल्या होत्या का, आणि त्या सुट्या राहिल्या का? सुट्या राहिल्या, तर बॉम्बेची शक्यता दाट. त्यांचीही गुठळी झाली, तर स्वतःच्याच पेशींविरुद्धची थंड अँटीबॉडी असू शकते आणि मग सगळा विचार बदलतो. पक्कं निदान अँटी-एच लावून होतं. युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांच्या अर्कातून ती मिळते. ओ पेशी तिच्यासोबत जोरात गुठळी करतात, बॉम्बे पेशी अजिबात करत नाहीत. जोडीला लाळेतला एच बघतात, कारण पॅरा-बॉम्बे नावाचा जवळचा प्रकार वेगळा काढावा लागतो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, तिथे अशा दुर्मिळ गटांचं काम चालतं आणि दुर्मिळ रक्तदात्यांची नोंदही ठेवली जाते. नमुना रक्तपेढीमार्फतच पाठवा. एक ईडीटीए आणि एक साधी ट्यूब, दोन्हींवर नाव, वय, तारीख, वेळ.

दाता शोधताना घरातली माणसं एक चूक करतात, मुलांना आधी पुढे करतात. आईने तुम्हाला बिघडलेली एक प्रत दिलीच आहे, पण बाबांकडून चांगली आली. त्यामुळे तुम्ही दोघं वाहक आहात, बॉम्बे नाही. शोधायचं ते मामा आणि मावशीकडे. आईच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचा हाच गट असण्याची शक्यता चारांत एक. आजी-आजोबा नात्यातले असतील, म्हणजे आजोबांनी मामाची मुलगी केली असेल, तर आईच्या चुलत-मावस भावंडांनाही तपासा. कुणी मिळालं, तर वय १८ ते ६५, वजन ४५ किलोंच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५ लागेल. गट सारखा असला तरी क्रॉसमॅच करायचाच आणि आरएचही जुळवायचा. सख्ख्या नातेवाइकाची पिशवी चढवण्याआधी तिला २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) किरणोत्सर्ग देऊन घ्यावा लागतो, नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी आईच्या शरीरावर उलटू शकतात. नात्यात कुणी नाही मिळालं, तर मुंबईच्या संस्थेतली नोंद आणि बॉम्बे दात्यांचं काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था यांच्याकडे रक्तपेढीने मागणी करावी. पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. रक्त विकायला बंदी आहे आणि असल्या घाईत गट खोटा सांगितला जातो.

ऑपरेशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रक्तस्राव आजच्या आज जीवघेणा नसेल, तर थांबा, पण हातावर हात ठेवून नाही. ८.२ हिमोग्लोबिनवर, जुळणारं रक्त हाताशी नसताना गर्भाशय काढायला घेऊ नये. तेच हिमोग्लोबिन १२ असेल, तर बहुतेक वेळा रक्त लागतच नाही. आधी रक्त जाणं कमी करायचं. पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सहसा एक ग्रॅम दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल तर ते नको. गरज वाटली तर ल्युप्रोलाइडचं ३.७५ मिलिग्रॅमचं महिन्याचं इंजेक्शन. दोन-तीन महिने पाळी थांबते, गाठी आक्रसतात, हिमोग्लोबिन वर यायला वेळ मिळतो. हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवायचं, पण विचारायचं मात्र तुम्ही.

सोबत लोह शिरेतून. किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. १५ मधून सध्याचं हिमोग्लोबिन वजा करा, त्याला वजनाने आणि २.४ ने गुणा, शरीराच्या साठ्यासाठी ५०० मिळवा. आईचं वजन ५५ किलो धरलं तर उत्तर सुमारे १,४०० मिलिग्रॅम येतं. एका सलाइनमध्ये हे भागत नाही. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज एका वेळी जास्तीत जास्त एक ग्रॅमपर्यंत देतात, उरलेलं आठवड्याने. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण दोन ग्रॅमने वर यावं. नाही आलं, तर बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तपासा. ते कमी असेल तर नुसतं लोह भरून उपयोग होत नाही.

हिमोग्लोबिन ११च्या वर टिकलं, की आईचंच रक्त आईसाठी काढून ठेवता येतं. एक पिशवी, फार तर आठवड्याच्या अंतराने दुसरी, आणि शेवटची ऑपरेशनच्या किमान ७२ तास आधी. साध्या पिशवीत रक्त ३५ दिवस टिकतं, पेशी टिकवणाऱ्या जादा द्रावणात ४२ दिवस. म्हणून तारीख पक्की झाल्यावरच काढायचं. मला विचाराल तर आईसारख्या, मुळातच रक्त जाणाऱ्या बाईत दोन पिशव्या काढायचा हट्ट धरू नये. एक स्वतःची आणि दोन बॉम्बे दाते फोनच्या अंतरावर, हे जास्त शहाणपणाचं. ऑपरेशन मात्र असं रुग्णालय बघून करा, जिथे रक्तपेढी आहे आणि सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं सेल सेव्हर यंत्र आहे. गर्भाशयाच्या धमन्या आतून बंद करण्याचा पर्यायही तिथे विचारून बघा. काही गाठींना तो पुरतो.

बाहेरून पिशवी आणावी लागली, तर ती रक्तपेढीच्याच पेटीतून आणा. नातेवाईक थर्मासमध्ये बर्फावर पिशवी ठेवून आणतात. बर्फाला टेकलेलं रक्त गोठतं, पेशी फुटतात, आणि अगदी जुळणारी पिशवीसुद्धा वाया जाते. चढवताना पहिली पंधरा मिनिटं थेंब सावकाश ठेवायचे आणि कुणीतरी जवळ बसायचं. त्या नळीतून सलाइनशिवाय दुसरं काही नको, ग्लुकोज तर नाहीच. थंडी वाजणं, कंबर दुखणं, शिरेच्या जागी आग, ‘मला काहीतरी होतंय’ असं आईने म्हणणं, यातलं काहीही झालं तर नळी तिथेच बंद करायला सांगा आणि पिशवी फेकू देऊ नका, ती तपासणीसाठी परत रक्तपेढीत जायला हवी. भूल दिलेला माणूस यातलं काही सांगू शकत नाही. तिथे भूलतज्ज्ञाला लघवीच्या पिशवीचा रंग आणि अचानक पडलेला रक्तदाब एवढंच दिसतं, म्हणून त्यांना आदल्या दिवशीच भेटा.

बहिणीच्या लग्नाबद्दल. हा आजार नाही. बॉम्बे गटाची माणसं इतरांसारखीच जगतात, फक्त रक्त लागलं तर अडचण येते. बहीण वाहक आहे आणि तिला स्वतःला एबी रक्त चालतं. नात्याबाहेरच्या मुलाशी लग्न झालं, तर तिच्या मुलाचा गट बॉम्बे असण्याची शक्यता दोनशेत एकच्या आसपास. स्थळ बघतानाच हे मांडायची गरज मला दिसत नाही. लग्न ठरल्यावर होणाऱ्या जोडीदाराला मात्र सांगावं आणि बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना. सावध राहायचं ते तुम्हाला. घरात तुमच्यासाठी मामाच्या मुलीचा विषय निघत असेल, तर मामा स्वतः बॉम्बे नसले तरी मुलाला हा गट येण्याची शक्यता बारांत एकच्या घरात जाते. मामाच बॉम्बे गटाचे निघाले, तर ती चारांत एक होते. होकार देण्याआधी हे मामा-मामींना स्पष्ट सांगा.

रिपोर्ट आला की एक कार्ड करून घ्या: ‘बॉम्बे रक्तगट. ओ गटाचं रक्त देऊ नये’, खाली आरएच, रक्तपेढीचा फोन आणि तुमचा फोन. मराठीत एक, इंग्रजीत एक. एक आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या खिशात. आणि ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं ते जुनं कार्ड रिपोर्टची वाट न बघता आजच तिच्या पर्समधून काढून घ्या.